अकरा मैलांवरचं कॉलेज

टीव्हीवाल्यांनी जास्त पैसे देऊ केले म्हणून आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाने जवळपासच्या कॉलेजांचा जुना गट सोडला आणि ‘अटलांटिक किनारा’ नावाच्या गटात उडी मारली. अमेरिकेच्या मधोमध, आयोवातल्या आमच्या गावात निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. आता पोरं विमानाने हजार मैल खेळायला जाणार, आणि अकरा मैलांवरच्या डनमोर कॉलेजशी नव्वद वर्षं चाललेला सामना बंद, कारण वेळापत्रकात जागा नाही.

तो परत सुरू करा, असा अर्ज घेऊन माजी विद्यार्थी मंडळाचा डेल्बर्ट माझ्या दारी आला.

"नवे वैरी कोण, याचं पत्रक वाटलंय कॉलेजने," तो म्हणाला. "शिव्या कुणाला घालायच्या तेही आता ऑफिसच ठरवणार." मग दाराकडे बघून म्हणाला, "आणि तू डनमोरचा झेंडा लावून बसलायस. लाज सोडलीस का रे, आर्लन?"

"मेव्हिस डनमोरला शिकलेली. ज्याचा संघ हरेल त्याने पुढच्या सामन्यापर्यंत दुसऱ्याचा झेंडा दारावर ठेवायचा, असा लग्नापासून आमच्या घरातला नियम. नोव्हेंबरात आपण हरलो. तिने स्वतः स्टुलावर चढून लावला. फेब्रुवारीत ती वारली."

डेल्बर्ट मग अर्ज आणि पेन माझ्या हातात देत म्हणाला, "मग कर सही. सामना होऊ दे, या वेळी आपण जिंकू, आणि हा झेंडा उतरवू."



मी सही न करता त्याचं पेन त्याला परत दिलं.