मेणावरचं कुंकू

नीराबाईंनी वाटीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि मोटारीच्या बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ उमटलीच नाही. कुंकवाचे थेंब थेंब झाले आणि काळ्या पत्र्यावरून घरंगळत खाली गेले.

त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा तेच.

दसऱ्याची सकाळ होती. मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईची लाँच थोड्या वेळात लागायची होती आणि त्या लाँचनं नीराबाईंचे धाकटे दीर यायचे होते. नीराबाईंच्या यजमानांचं, दिनानाथरावांचं ऑपरेशन काल मुंबईत झालं होतं. ते कसं झालं, हे या घरात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. दिरांना आणायला मोटार धक्क्यावर जायची होती, पण दसऱ्याची पूजा झाल्याखेरीज ती फाटकाबाहेर काढायची नाही, ही घरची रीत.

ड्रायव्हर भागोजी मडगार्डला टेकून उभा होता. त्याला धड उभंही राहवत नव्हतं. बंगल्याच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यानं पत्र्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून काल त्यानं गावातल्या विहिरीवरून गोडं पाणी वाहून आणलं होतं. मोटार धुतली, कोरडी केली आणि मग सावलीत ओढून फलालीनच्या फडक्यानं मेण चढवलं. समुद्राकाठी मोटार ठेवायची म्हणजे मिठाच्या बरणीत चमचा विसरण्यासारखंच, मेणाशिवाय तिचा निभाव लागत नाही. खांदे भरून येईतो तो घासत राहिला होता. आता बॉनेटमध्ये माडाची झावळी न् झावळी दिसत होती.

"भागोजी, कुंकू बसत नाही रे."

"मेनानं, वैनी. कालच चढवलंय. पान्याचा थेंब ठरत न्हाय त्याच्यावर."

नीराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कित्येक रात्रींचं जागरण त्यांच्या डोळ्यांखाली साठलं होतं.

"मेणानं कुंकू जात नाही, भागोजी. मेणानं कुंकू बसतं." त्यांनी आपल्या कपाळाला हात लावला. "लग्न झाल्यापासून रोज लावतेय. आधी मेण, वर कुंकू. दिवसभर हलत नाही."

भागोजीपाशी उत्तर होतं. करंड्यातलं मेण मऊ असतं, हे घासून घासून काचेसारखं झालेलं. ते कुंकू कोरडं असतं, हे ओलं. पण नवरा इस्पितळात असलेल्या बाईला हे समजावत बसायचं म्हणजे काय?

नीराबाई तबक मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. त्या घाबरल्या होत्या, आणि ते लपवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं.

"राहू दे मोटार," त्या म्हणाल्या. "भाऊजी येतील बैलगाडीनं. जिला कुंकू लागत नाही, ती कशाला न्यायची आज धक्क्यावर?"

भागोजीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून मोलकरणीला हाक मारली.

"ठमे, धुन्याचा सोडा टाकून कढत पानी आन."

"आत्ता? कशाला?"

"आन म्हंतो ना!"

ठमीनं तपेली आणून ठेवली. भागोजीनं त्यात फडकं बुडवलं आणि बॉनेटच्या बरोबर मध्यावर घासायला सुरुवात केली. काल ज्या हातानं चढवलं, त्याच हातानं आज उतरवायचं. केल्या कामावर पाणी म्हणतात ते हेच. तेही कढत. खांदा ठणकत होता. हे नुसतं मेण आहे, दुसरं तिसरं काही नाही, असं तो स्वतःला बजावत होता. पण मेण उतरूनही कुंकू बसलं नाही तर?

ताटाएवढ्या जागेतली झळाळी गेली. तिथल्या झावळ्याही गेल्या. त्यानं स्वच्छ पाण्यानं ती जागा पुसली, कोरडी केली आणि बाजूला झाला.

"लावा, वैनी."

नीराबाई लगेच उठल्या नाहीत. उठल्या तेव्हाही दोन पावलांवर थांबल्या. मग त्यांनी बोट बुडवलं आणि रेघ ओढली.

रेघ बसली. लाल, बारीक, जराशी वाकडी. तिला छेदून दुसरी बसली. चारी टोकं वळली, मधले ठिपके उमटले. नीराबाईंनी हळद वाहिली, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ चढवली. नारळ मात्र भागोजीला फोडावा लागला. त्यांच्या हातांत जोरच नव्हता. पदरानं त्यांनी डोळे पुसले आणि त्या पुन्हा त्या स्वस्तिकाकडेच बघत राहिल्या.

भागोजी मोटारीत बसला. चावी लावली, पण बॉनेटवरची ती निस्तेज जागा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "वैनी, येक सांगून ठेवतो. तिथं आता खारं वारं लागनार. चट्टा धरंल. सायेब इस्पितळातनं आल्या आल्या आधी बॉनेटच बघतील. लई रागावतील."

नीराबाईंनी फाटक उघडलं.

"रागावू देत," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या रागावू देत. मी ऐकत उभी राहीन."