मध्ये बोलू नका

समोरचे गाडीवाले शिव्या घालतात म्हणून त्याने हेडलाइट घरीच सरळ करायला घेतले. लेव्हल लावून गॅरेजच्या भिंतीवर आडवी पट्टी चिकटवली. तिथे दोन्ही झोत पट्टीवर बरोबर बसायचे आणि रस्त्यावर गेलं की उजवा मेला पुन्हा वर.

पहिल्याच दिवशी वडील काही सांगायला गेले, तर तो खेकसला, “बाबा, तुम्ही आयुष्यभर गवंडीकाम केलंत. गाडीतलं काय कळतं तुम्हाला? मध्ये बोलू नका.”

तिसऱ्या संध्याकाळी स्क्रू पिळून बोटं सोलवटली, तेव्हा तो पान्हा आपटून खालीच बसला.

 

“आता बोलू का?” वडिलांनी विचारलं. “गाडी धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून या फरशीला उजवीकडे ढाळ मीच दिलाय.”