कमजोर बाजू

शुक्रवार, १० मे २०१९, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. केंटकीतल्या एका डोंगरी गावच्या तंत्रशाळेत त्या दिवशी सहा मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिघींची आटोपली होती. चौथी केलिन स्टिडम.

शाळेत असतानाच रुग्णसेवेचा अभ्यासक्रम पुरा करून जो ही परीक्षा पार करील, त्याला जवळचे कॉलेज सात श्रेयांक देत असे. केलिनला ते आजच मिळायला हवे होते. तिथल्या परिचारिकांच्या वर्गात तिची जागा राखून ठेवलेली होती; श्रेयांक नसतील तर ती सोमवारी दुसऱ्या मुलीला जाणार होती.

मार्चमध्ये ती एकदा नापास झाली होती, आणि दोष सर्वस्वी तिचा नव्हता. परीक्षेसाठी रुग्ण म्हणून मिस व्हर्डी पलंगावर झोपत. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. अर्धांगवायूची रुग्ण, डावी बाजू लुळी, ही त्यांची ठरलेली भूमिका. मार्चमध्ये केलिन शर्टाची बाही चढवताना अडखळली आणि मिस व्हर्डींनी तो लुळा हात आपणहून उचलून दिला. रुग्णाने लुळ्या बाजूने मदत केली की परीक्षा बाद, असा नियम होता.

म्हणून परीक्षक बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा केलिन पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"मिस व्हर्डी, आज हात जागचा हलवायचा नाही."

"अगं, जन्मभर पोरांच्या ताटात जेवण वाढलं मी. कुणी अडलं की हात आपोआप पुढे जातो."

"आज नाही न्यायचा. मी कितीही घोळ घातला तरी."

"आणि उशी माझ्या तोंडावर ठेवलीस तर?"

"तरी नाही."

"बरं बाई. चर्चच्या नाटकात प्रेत झाले होते मी. पाद्रीबाबांनाच घाम फुटला होता." मिस व्हर्डींनी कपाळ चोळले. "तू फक्त लवकर आटप. सकाळपासून इथे कुणी कॉफीचा घोट दिलेला नाही. डोकं ठणकतंय नुसतं."

"शपथ घ्या."

"घेतली. आता हूं की चूं नाही. जा, तोंड सुतकी करू नकोस."

परीक्षक कोम्ब्स बाई शेजारच्या जिल्ह्यातून आल्या होत्या. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली, मांडीवर कागद घेतला आणि मान हलवली.

केलिनने बाहेर जाऊन दार वाजवले, आत आली, पडदा ओढला. मग पाठमोरी होऊन तिने नळावर हात धुतले. पाणी कोपराकडे ओघळू न देता, शिकवले होते तसे सावकाश. वळून पाहते तो मिस व्हर्डींनी भूमिका घेतलीही होती. मान किंचित कललेली, नजर छताला. केलिनला हायसे वाटले.

"मी केलिन. आज तुमची काळजी मी घेणार आहे. आधी आपण शर्ट घालू."

केलिन शर्ट उलगडू लागली, तोच मिस व्हर्डींचा डावा हात चादरीवरून उठला आणि त्याने तिच्या बाहीला घट्ट धरले.

डावा हात. जो मुळीच हलायला नको, नेमका तोच. तिने तिरक्या नजरेने पाहिले. कोम्ब्स बाई खाली मान घालून लिहीत होत्या आणि मध्ये केलिनची पाठ होती.

"शपथ घेतलीत ना तुम्ही," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली आणि तिने ती बोटे एकेक करून सोडवली.

आपले काय चुकले असेल, हे तिला कळेना. पलंगाची चाके अडवणारी कळ? तिने वाकून पाहिले, लावलेली होती. पडदा? ओढलेला होता. मिस व्हर्डी काहीतरी सुचवू पाहत होत्या आणि ते विचारण्याची सोय नव्हती. हात पुन्हा उठू लागला. केलिनने तो झेलल्यासारखा धरला, बाहीत घातला आणि चादरीखाली दाबून ठेवला.

मिस व्हर्डींचे ओठ हलले. घशातून काहीतरी अर्धवट आवाज निघाला.

"दुखतंय का कुठे?" केलिन त्या आवाजावर आपला आवाज चढवून म्हणाली. "नाही ना? छान."

उजवी बाही चढवायला फार वेळ लागला. त्या बाजूने थोडी मदत करायला रुग्णाला मुभा होती, पण मिस व्हर्डींनी कोपरसुद्धा दुमडले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. आपण फार कडक बोललो, असे केलिनला वाटले. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची, असे तिने ठरवले. आता थांबता येत नव्हते.

बटणे लागली. उशी सरळ झाली. मदतीला बोलावण्याच्या घंटीची कळ रुग्णाच्या चांगल्या हाताशी ठेवायची, हे शेवटचे काम. केलिनने ती मिस व्हर्डींच्या उजव्या हातात दिली आणि त्यांची बोटे तिच्याभोवती मिटवली.

"काही लागलं तर हे दाबा. मी लगेच येईन."

कोम्ब्स बाईंनी पेनाला टोपण लावले आणि कागद टेबलावर ठेवला.

"रुग्णाने काडीचीही मदत केली नाही. असं क्वचित पाहायला मिळतं. मिस व्हर्डी, उठा आता, कॉफी मागवते."

केलिन हसली. "संपली परीक्षा, मिस व्हर्डी. आता बोला काय बोलायचं ते."

घंटीची कळ उजव्या बोटांतून निसटली आणि तिच्यामागोमाग तो हातच लुळा होऊन पलंगाच्या कडेवरून खाली लोंबकळला. चादरीखालून डावा हात बाहेर आला आणि त्याने केलिनची बाही पुन्हा धरली. टेबलावरच्या कागदावर निकाल लिहून झाला होता: चोवीसपैकी चोवीस.