नळीवरचा हात

टाळ खाली ठेवा आणि असे पुढे सरका. अभंग कुठे पळून जात नाही. आधी एक गोष्ट सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, तर चढू द्या. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची नाहीच.

"इथं धूर नाय करायचा रं दादा," ठमी म्हणाली.

चौक गावाच्या वरच्या डोंगरात एक डोह आहे. काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड. राजेश त्यांच्यापुढे उकिडवा बसून नारळाच्या शेंड्या पेटवत होता. मोहोपाड्याच्या कॉलनीतून तो लेकीला घेऊन डोंगर चढून आला होता. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं होतं. तिथे समुद्रात तोंड घालून मासे बघायचे, म्हणून सुप्रियाला पाण्यातला चष्मा आणि श्वास घ्यायची नळी आणलेली. तिचा सराव या डोहात. पण पोर पाण्यात घालण्याआधी आसरांना धूप दाखवायचा, ही त्याच्या आईची शिकवण. त्यात वावगं काही नाही. मीही दाखवला असता.

सुप्रिया कुठली थांबते! ती कधीच उतरली होती. डोकं पाण्यात, नळी वर.

"आगं बया, हत्तीन आली की पान्याला!" ठमी हसली. वरच्या ठाकूरवाडीतली म्हातारी, खेकडे धरायला आली होती. मग पुन्हा राजेशकडे वळली. "हळद-कुंकू वाहा, हात जोड. आमच्यात इथल्या आसरांना धूर देत नाय. वर बघ जरा."

"देवाला धूप नको? आता देवाचंही तुम्हीच ठरवणार?"

"मी कोन ठरवनार? वर बघ, म्हनलं."

राजेशने वर पाहिलं नाही. त्याने वाकून फुंकर मारली आणि निखाऱ्यावर मूठभर धूप टाकला.

धूर कड्याला लागला. कड्याच्या कपारीत आग्या माश्यांचं मोहोळ होतं, सुपाएवढं. ते आधी नुसतं हललं. मग सुटलं.

राजेश पळाला. भिऊन माणूस पळतो, त्यात पाप नाही. शर्ट डोक्यावर ओढून तो खडकाच्या सांदीत शिरला आणि मग त्याला पोर आठवली. बाहेर माश्याच माश्या. त्यातून त्याला दिसलं ते एवढंच: ठमी छातीभर पाण्यात उभी आहे. एका हाताने तिने सुप्रियाचं डोकं पाण्याखाली दाबून धरलंय. आणि दुसरा हात नळीच्या तोंडावर ठेवलाय.

"सोड! सोड तिला!" तो किंचाळला.

ठमीने सोडलं नाही. तो सांदीतून बाहेर आला नाही.

माश्या पांगल्यावर वाडीतली माणसं धावली. टेंपोतून सगळ्यांना हायवेवरच्या दवाखान्यात आणलं. वाटभर राजेश एकटाच बोलत होता. टॉवेलात गुंडाळलेली सुप्रिया त्याच्या मांडीवर थरथरत होती. तिने दोनदा "बाबा" म्हटलं, तर हा म्हणाला, "गप, घाबरू नकोस, मी आहे."

मी आहे म्हणे!

"या बाईला आधी पोलिसात द्या," दवाखान्याच्या दारात त्याने गर्जना केली. "धुपावरून वाद घातला आणि माझ्या पोरीवर सूड उगवला! नळी बंद करून बुडवत होती. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

आणि ऐकलं हो त्याचं! पोरीला आत नेलं. ठमीचं तोंड ओळखू येत नव्हतं इतकं सुजलेलं, तिला व्हरांड्यातल्या बाकड्यावर टेकवली. तिचा मुलगा पोशा दारात हात जोडून उभा.

"आईला बघा ना कुनीतरी. धाप लागलीय तिला."

"थांब रे, पोलीस येऊ देत," दवाखान्यातलं कोणीतरी म्हणालं.

धाप लागलेल्या बाईला औषध नाही, पोलीस! कुठल्या देवाला हे चाललं असतं, सांगा मला.

आत डॉक्टरीणबाईंनी सुप्रियाचे केस पाहिले, कान पाहिले, मान पाहिली. पुन्हा पाहिली.

"हिला एकही माशी चावलेली नाही. असं कसं?"

तेव्हा कुठे त्या लेकराला कोणीतरी काही विचारलं.

"आजीचा हात होता ना नळीवर," सुप्रिया म्हणाली. "नळीत माशी गुणगुणली, म्हणून मी वर येत होते. तिने मला खाली धरलं आणि नळीवर बोटं ठेवली. गाळणीसारखी. मग एकही आत आली नाही." ती बापाकडे वळली. "बोटांच्या फटीतून वारा येत होता, बाबा. सारखा येत होता."

राजेश उठला. डॉक्टरीणबाई त्याच्याआधीच व्हरांड्याकडे धावल्या होत्या.

पोशा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ठमीची धाप थांबली होती. ठमी गेली होती. उजवा हात मात्र अजून तसाच होता. बोटं अर्धी वाकलेली, मधे बारीक फटी, आणि हाताच्या पाठीवर माश्यांच्या काळ्या काट्यांची दाटी. राजेश खाली बसला. त्याने तो हात दोन्ही हातांत घेऊन सरळ करून पाहिला. झाला नाही.

आता उचला टाळ. शेवटी आपण संतांची नावं घेतो ना, ती सगळी घ्या, एकही गाळू नका. मग एका श्वासापुरते थांबा. तो श्वास आत घेताना ठमीची आठवण ठेवा.