सबनीसांचा माऊस

मानवजातीने मनगटदुखीवर अंतिम विजय मिळवल्याची घोषणा होऊन आठ महिने झाले होते. मिरजेच्या इंदुमती सबनीस तेव्हापासून मनगटाला बाम चोळत होत्या.

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या गिरिजाने त्यांचा माऊस हातात घेतला आणि तिला कारण कळलं. मनगट दुखू नये म्हणून गेल्या काही वर्षांतले माऊस वापरणाऱ्याच्या हाताचा आकार, ऊब आणि सवयी शिकून घेत. हा एका रुंद, डावखुऱ्या पंजाला सरावलेला होता.

"आजी, हा तुमच्या हाताचा नाहीच."

"ह्यांचा आहे. जाऊन वर्ष होईल."

"पुसून देऊ? दोन मिनिटांत तुमचा हात शिकेल."

"आणि ह्यांचा?"

गिरिजाने माऊस परत त्यांच्यापुढे ठेवला. इंदुमतींनी माऊसवर हात ठेवला तसा तो कोमट झाला.

"चारचौघांत आम्ही कधी हात धरून चाललो नाही गं," त्या म्हणाल्या. "आता कुठे सोय झाली होती."

गिरिजाने एक छोटा, नवा माऊस त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवला. "कामाला हा घ्या. आजोबांचा डाव्या हाताशी असू दे, न पुसता."

डावा हात जुन्या माऊसवर पहिल्यांदाच नीट बसला. इंदुमती डोळे पुसून हळूच म्हणाल्या,

"फक्त ह्यांची कॉम्प्युटरशी जोडणी तेवढी तोड. मी लेकीला पत्र लिहायला बसले, की हे मध्येच पत्त्यांचा डाव उघडतात."