हेल्मेटखालची मिशी

"मिशीवाला" हा शब्द तोंडून निसटला आणि चष्मेवाल्याने जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांनी तो शब्द ऐकला होता.

तसा तो नेहमीचाच रविवार होता. सकाळी दहाच्या ठोक्याला चष्मेवाल्याने घरून फोन लावला, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग तो सहज थट्टेत म्हणाला, "आपला मिशीवाला पहारेकरी बसला असेल कुठेतरी दडी मारून." पाच महिने सांभाळलेलं गुपित एका शब्दात उघडं पडलं.

दोघंही साठी ओलांडलेले आणि दोघांनाही एकाच सिनेमातल्या खेळण्यांचं वेड. सिनेमा ऐंशीच्या दशकातला, अवकाशातल्या लढाईचा. पडद्यावरून तो दोन आठवड्यांत उतरला, पण त्यातल्या पात्रांची वीतभर उंचीची प्लॅस्टिकची खेळणी तेवढी मागे उरली. एकूण बारा. दोघांकडे अकरा-अकरा जमली होती, अडलं होतं ते बाराव्या पहारेकऱ्यापाशी. सिनेमाभर हा गडी एका दारात उभा. एक शब्द बोलत नाही, हेल्मेट काढत नाही. खोक्यावरच्या चित्रातसुद्धा त्याची काच खालीच. त्यामुळे आत चेहरा आहे की नुसताच गोळा, यावर दोघांनी कितीतरी रविवार खर्ची घातले होते. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, लांबच्या गावी राहणारे. ओळख झाली ती जुन्या खेळण्यांच्या एका मासिकातून. प्रत्यक्ष भेट अशी कधी झालीच नाही. करार मात्र पक्का होता: ज्याला पहारेकरी सापडेल त्याने त्याच दिवशी दुसऱ्याला कळवायचं.

पाच महिन्यांपूर्वी तो चष्मेवाल्याला सापडला. भंगारवाल्याच्या टोपलीत, गंजलेल्या कुलपांखाली. आपल्या चष्म्यांच्या दुकानात आणून त्याने बारीक पेचकसाने हेल्मेटची काच हळूच वर केली. आत चेहरा होता आणि चेहऱ्यावर चक्क मिशी होती. काळीभोर, झुपकेदार. चष्मेवाला एकटाच खो खो हसला. घरी जाऊन बायकोला दाखवू, असं मनात आलं आणि मग आठवलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी अजून असं व्हायचं.

मग त्याने मास्तरांना फोन लावायला घेतला आणि हात थबकला. संच पुरा झाला म्हणजे शोध संपला. शोध संपल्यावर दोन म्हाताऱ्यांनी बोलायचं तरी कशावर? आठवडाभर लोक त्याच्याशी बोलत ते नंबर वाढलाय का, काडी बसेल का, एवढंच. घरी भांड्याला भांडं लागायलाही दुसरं माणूस नव्हतं. रविवारचा तो अर्धा तास गेला असता, तर त्याच्याकडे काहीच राहिलं नसतं. त्याने पहारेकऱ्याला घरी नेऊन टेबलाच्या खणात कोंबलं आणि पुढच्या रविवारी सराईतासारखा म्हणाला, "नाही हो मास्तर, कुठेच पत्ता नाही." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारीही तो तेच म्हणाला.

आणि आज हे असं झालं. ज्याला हेल्मेटखालची मिशी ठाऊक, त्याच्या हातात पहारेकरी असणारच. एवढं न कळायला मास्तर काही दूधखुळे नव्हते. आता ते फोन ठेवणार आणि परत कधी उचलणार नाहीत, असं चष्मेवाल्याला वाटलं.

"मास्तर, मी सांगणारच होतो—"

"उजवीकडे जरा जाड आहे," मास्तर म्हणाले.

"काय?"

"मिशी. उजवीकडे जाड, डावीकडे बारीक. माझ्या वर्गातल्या एखाद्या ढ पोरानं रंगवल्यासारखी."

चष्मेवाल्याने खण ओढला. पहारेकरी बाहेर काढला, काच वर केली, उजेडात धरला. मिशी उजवीकडे जाड होती.

"तुमच्याकडे आहे?"

"एक कशाला, दोन आहेत. एका म्हातारीच्या माळ्यावर जोडीनं सापडले. एक तुझा म्हणून बाजूला ठेवलाय."

"कधीपासून?"

"वहिनी गेल्या ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात."

"तीन वर्षं झाली मास्तर." चष्मेवाल्याचा आवाज चिरकला. "मग पाठवला का नाही?"

मास्तरांच्या घरात मागे नातवंडांचा गलका चालला होता. कुणीतरी त्यांना दोनदा हाक मारली. "थांबा रे जरा, फोनवर आहे," असं त्यांना सांगून मास्तर पुन्हा फोनवर आले.

"पाठवला असता," ते म्हणाले, "तर दर रविवारी तू बोलला असतास कुणाशी?"