एक नकार पुरे

पायांखालच्या बर्फात धप्प आवाज झाला आणि तिघं खिंडीतच थांबली. लादिनाच्या स्कीच्या टोकापासून केसाएवढी चीर निघाली आणि पुढच्या उताराकडे सरकत गेली.

तिने काठी खुपसून पाहिली. वर वाऱ्याने रचलेला टणक थर, त्याखाली साखरेसारखे सुटे दाणे. वरचा थर घसरला तर उतरणारा त्याच्यासकट खाली जाणार, आणि त्याच्याखालीच गाडला जाणार.

त्यांचा नियम जुना होता. एकानेही नाही म्हटलं की सगळ्यांनी आल्या वाटेने परतायचं. कारण विचारायचं नाही. या हिवाळ्यातला प्रत्येक नकार लादिनाचा होता. प्रत्येक वेळी दुसरं कुणीतरी त्याच उतारावरून सुखरूप उतरलं होतं आणि संध्याकाळी गावात ते तिला ऐकावं लागलं होतं.

"वाजव वहिनी, वाजव तुझी नकारघंटा," तिचा दीर याखेन म्हणाला. "मी कानांवर हात ठेवून उभा आहे."

नवरा कुर्दिन चहाची बाटली उघडत हसला.

'नाही' हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता. पण तो उच्चारायचासुद्धा तिला कंटाळा आला.

याखेनने बुटांचे चाप आवळले. उताराच्या कडेपर्यंत गेला. चाप पुन्हा सोडले, पुन्हा आवळले. हातमोजे काढून घातले.

"मग? जाऊ?"

ती उताराकडे पाहत राहिली. त्याने पाऊल उचललं, तर त्याची पाठपिशवी मागून धरायची, एवढं तिने ठरवलं होतं.

"वहिनी, अगं बोल ना काहीतरी!"

"आज तू बोल."

याखेनने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या स्कीची टोकं एकमेकांवर हलकेच आपटत होती.

"नाही," तो म्हणाला. इतक्या हळू, की त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. "नाही जायचं."

तो पावलापावलाने मागे सरकला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला वाटलं, तू म्हणशील. दर वेळी म्हणतेस."

"मलाही तेच वाटलं," कुर्दिन म्हणाला. चहा तसाच त्याच्या हातात होता.

लादिनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पाठीवरचं ओझंही न उतरवता ती बर्फात खाली बसली.